वजन उतरलं, हाडांचं काय?

लावणी उरकली असेल, श्रावण लागलाय, दोन घटका बसायला सवड मिळाली असेल. आज जो विषय घेऊन आलेय, तो दोन महिन्यांपासून माझ्या डोक्यात घोळतोय. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर हाडांची घ्यायची काळजी.

तुम्ही म्हणाल, ताई, हे आपल्या कामाचं आहे का? शेतात राबणाऱ्या बाईला कुठलं आलंय वजनाचं ऑपरेशन? मलाही आधी असंच वाटायचं. पण जूनच्या बैठकीत मुरबाडकडच्या आमच्या एका गटात एका मावशींनी कर्जाचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीचं ऑपरेशन'. मुलगी लग्न होऊन कल्याणला राहते. वय २९. वजन फार वाढलेलं, त्यात साखर लागलेली, जिना चढताना दम लागतो. डॉक्टरांनी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवलेली. जावयाची नोकरी बेताची, म्हणून आईने गटाकडे हात पसरला.

मावशी म्हणाल्या, "एकदा ऑपरेशन झालं की सुटलो. मग पुढे काही खर्च नाही."

या वाक्यावर मी थबकले. कारण चार वर्षांपूर्वी जवळजवळ हेच वाक्य मी माझ्या नणंदेला ऐकवलं होतं.

आमच्या ताईंची गोष्ट

माझ्या मोठ्या नणंदबाई डोंबिवलीला राहतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. ४५ व्या वर्षी त्यांचं वजन ११२ किलो होतं. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळंच मागे लागलेलं. त्यांनी पोटाची बायपास शस्त्रक्रिया करून घेतली. वर्षभरात ३५ किलोच्या वर वजन उतरलं. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. ज्या ताई रिक्षाशिवाय कुठे जात नव्हत्या, त्या स्टेशनपर्यंत चालत जायला लागल्या. घरात सगळ्यांना आनंद झाला, आणि तो खरा आनंद होता. आज मी त्या शस्त्रक्रियेला नावं ठेवायला बसलेली नाही.

दिवाळीला त्या आमच्याकडे आल्या. जेवणानंतर पर्समधून गोळ्यांची डबी काढली. कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं, सगळं मिळून मूठभर. मी म्हटलं, "ताई, आता एवढ्या बारीक झालात, साखर पण गेली. आता कशाला या गोळ्या गिळता? महिन्याचे पैसे जातात ते वेगळेच." त्याही कंटाळल्याच होत्या. हळूहळू गोळ्या सुटल्या. तपासण्याही सुटल्या.

त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. पडणं काही मोठं नव्हतं, उभ्याच्या उभ्या घसरल्या होत्या. डॉक्टरांना शंका आली. हाडांची तपासणी केली, तर खुब्याचं आणि कण्याचं हाड ठिसूळ झालेलं निघालं. वय अवघं ४९. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?" मी शेजारीच उभी होते. ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "माझाच कंटाळा, डॉक्टर."

त्या दिवशी मला फार लाज वाटली. मी बी.ए. झालेली, दहा गटांना आरोग्यावर बोलणारी बाई. आणि कळत नसलेल्या गोष्टीत सल्ला देऊन मोकळी झाले. म्हणून नंतर दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंजवळ बसून सगळं समजून घेतलं. मी डॉक्टर नाही. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगते. औषध मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरनीच ठरवायचं.

ही शस्त्रक्रिया असते तरी काय?

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया आता नवी राहिलेली नाही. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ती करून घेतली, हे वर्तमानपत्रांत आलं होतं. २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद नावाच्या अतिशय वजनदार बाईंना खास विमानाने मुंबईत आणलं होतं, तेव्हा टीव्हीवर रोज तीच बातमी होती. आता ठाणे, कल्याण, डोंबिवलीतसुद्धा या शस्त्रक्रियेची चौकशी करणाऱ्या बायका भेटतात.

मुख्य प्रकार दोन. पहिल्यात पोटाचा म्हणजे जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्यासारखं लांबट पोट. याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा प्रकार बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी छोटी पिशवी करतात आणि ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न सुरुवातीच्या आतड्यातून न जाता वळसा घालून पुढे जातं. आपल्या गावाला रस्त्याचा बायपास झाला की गाड्या बाजारपेठेत येत नाहीत, तसंच.

ही शस्त्रक्रिया बारीक दिसण्याच्या हौसेसाठी नसते. वजन आणि उंचीवरून एक आकडा काढतात, त्याला बीएमआय म्हणतात. आपल्याकडे बरीच वर्षं वापरात असलेलं माप असं की तो ३७.५ च्या वर असेल, किंवा साखर-रक्तदाबासारखा आजार असून ३२.५ च्या वर असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. पाच फूट उंचीच्या बाईचं उदाहरण घेतलं, तर पहिला आकडा साधारण ८७ किलोला येतो आणि दुसरा ७५ किलोला.

हाड म्हणजे आपली बँक

आता हाडांकडे वळू. गटातल्या बाईला हे पासबुकावरून चटकन कळेल.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि इतर ठिकाणी. पण त्या थोड्यावर हृदयाचे ठोके चालतात, स्नायू हलतात. त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम कमी झालेलं शरीराला अजिबात चालत नाही. अन्नातून मिळालं नाही, तर ते हाडांच्या खात्यातून काढतं. मानेत तांदळाच्या दाण्याएवढ्या चार छोट्या ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी झालं की त्या रस सोडतात आणि हाडाला सांगतात, काढ पैसे. रक्ताचा हिशेब जुळतो, हाडाची शिल्लक घटते. म्हणूनच रक्तातलं कॅल्शियम तपासलं तर बरोबर दिसतं, आणि आत हाड पोखरत असतं.

या खात्यात भरणा मुख्यतः तिशीपर्यंत होतो. पुढे शिल्लक सांभाळायची. पाळी गेली की बाईच्या खात्यातून पैसे जास्त वेगाने जायला लागतात. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षीच जाते. ताईंची शस्त्रक्रिया आणि पाळी जाणं मागेपुढेच आलं. म्हणजे एकाच खात्यावर दोन खर्च एकदम पडले.

शस्त्रक्रियेनंतर हाड का झिजतं?

कारणं एक नाही, चार-पाच आहेत.

पहिलं, कॅल्शियम जिथे चांगलं शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भागच बायपासमध्ये वगळला जातो. लोहही तिथेच शोषलं जातं.

दुसरं, पोटात आम्ल कमी तयार होतं. साध्या कॅल्शियमच्या गोळीला विरघळायला आम्ल लागतं.

तिसरं, ड जीवनसत्त्व. ते नसेल तर कॅल्शियम खाऊनही आतडं ते नीट घेत नाही. जाड माणसाच्या शरीरात हे जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच ते बहुतेकांत कमी असतं. त्यात बायपासनंतर आणखी कमी शोषलं जातं.

चौथं, खाणंच कमी होतं. दोन घास खाल्ले की पोट भरतं. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात आणि स्नायू झिजले की हाडाला आधार राहत नाही.

पाचवं कारण ऐकून मला नवल वाटलं. वजन हेच हाडाचं काम असतं. १०० किलो पेलणारं हाड तेवढं मजबूत राहतं. भार अचानक उतरला की शरीराला वाटतं, एवढ्या जाड खांबाची आता गरज नाही.

यातली पहिली एक-दोन वर्षं सर्वांत जास्त झीज होते. पण वजन स्थिर झाल्यावरही झीज थांबेलच असं नाही. स्लीव्हपेक्षा बायपासमध्ये ती जास्त असते. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे २००० लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. शस्त्रक्रिया केलेल्यांचं आयुष्य वाढलेलं दिसलं, हे आधी सांगायला हवं. पण बायपास केलेल्यांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे फायदा खरा आणि त्याची किंमतही खरी. ती किंमत कमी करता येते, एवढंच मला आज सांगायचंय.

गोळ्यांचं गणित

साध्या बाईला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. स्लीव्ह किंवा बायपास झालेल्याला १२०० ते १५०० मिलिग्रॅम घ्यायला सांगतात, अन्न आणि गोळ्या धरून.

आता बघा. एक कप, म्हणजे २०० मिलिलिटर गायीच्या दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत साधारण १७५. नाचणी उत्तमच, पण शस्त्रक्रिया झालेली बाई अर्धी भाकरी खाऊन उठते. तिने एवढं दूध आणि एवढ्या भाकऱ्या कुठे खायच्या? म्हणून गोळी. ताईंच्या गोळ्या म्हणजे चैन नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

गोळी घेतानाच्या काही गोष्टी लिहून ठेवा.

एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन उपयोग नाही, शरीर एवढंच घेतं. म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यायची.

कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नाही. दोघींत दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीवर चहा नको.

कार्बोनेट प्रकारची गोळी जेवणाबरोबर घ्यायची. सायट्रेट प्रकाराला आम्लाची तेवढी गरज नसते, म्हणून या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बहुधा तीच देतात. मेडिकलवाला "दोन्ही सारख्याच" म्हणून बदलून देत असेल तर डॉक्टरांना विचारा.

पाकिटावरचा मोठा आकडा फसवा असतो. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमधून खरं कॅल्शियम ५०० मिळतं. १००० मिलिग्रॅम सायट्रेटमधून जेमतेम २१०. पाकिटावर 'एलिमेंटल कॅल्शियम' किती लिहिलंय ते बघायचं.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी मिळते. ती बहुधा आठवड्याला एक असते आणि तीही ठरावीक आठवडेच. शेजारणीने घेतली म्हणून आपण घ्यायची नाही, आणि रोज तर नाहीच. जास्त झालं तर तेही अंगावर येतं.

एक भीती सगळ्या गटांत ऐकते. कॅल्शियमच्या गोळीने मुतखडा होतो म्हणे. बायपासनंतर मुतखड्याचा धोका वाढतो हे खरं, पण त्याचं एक कारण वेगळं आहे. अन्नातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबरचं कॅल्शियम उलट त्याला आतड्यातच धरून ठेवतं. तेव्हा मनाने गोळी बंद करू नका. घोट घोट करत दिवसभर भरपूर पाणी प्या आणि आधी खडा झाला असेल तर डॉक्टरांना सांगा.

अजून एक महत्त्वाचं. हाडं दुखतात म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून घेऊ नका. बायपास झालेल्या पोटात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी जखम होऊ शकते. गॅसची गोळीही वर्षानुवर्षं मनाने चालू ठेवायची नाही.

ताटात काय, अंगाला काय

जेवताना आधी प्रथिनं, मग भात-भाकरी. डाळ, दही, पनीर, अंडं, मासे. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं सांगतात. आपल्या ठाणे जिल्ह्यात सुकट, जवळा, मांदेली काय कमी आहे? काट्यासकट खाल्लेल्या बारीक मासळीतून कॅल्शियम मिळतं. फक्त सुकी मासळी चांगली धुवून घ्या, जास्त मिठाने कॅल्शियम लघवीवाटे जातं. शाकाहारी असाल तर शेवग्याचा पाला, राजगिरा, तीळ, नाचणीची पेज. शेवगा तर बांधावर असतो आणि पाला आपण शेळीला घालतो.

ऊन अंगावर घ्या. शेतातल्या बाईला ते मिळतं. चाळीत, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लेकीला मिळत नाही, आणि पावसाळ्यात कोणालाच धड मिळत नाही.

हाडाला काम द्या. चालणं, जिना चढणं, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करणं. तरुण लेकींनी मंगळागौरीत फुगड्या, झिम्मा जरूर खेळावा. पण ज्यांचं हाड ठिसूळ निघालंय त्यांनी उड्या मारू नयेत, खाली वाकून जड हंडा उचलू नये. न्हाणीघरात शेवाळ घासून काढा, धरायला लोखंडी दांडी बसवा. दांडी हाड मोडल्यापेक्षा स्वस्त पडते.

तपासणी कधी?

शस्त्रक्रियेच्या आधी एकदा ड जीवनसत्त्व तपासायचं आणि कमी असेल तर आधी भरून काढायचं. नंतर पहिल्या वर्षात डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी, आयुष्यभर. त्यात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, त्या मानेतल्या ग्रंथींचा रस, लोह आणि ब-१२ बघतात.

हाडाची घनता मोजायच्या तपासणीला डेक्सा म्हणतात. सुई नाही, दुखत नाही, पलंगावर थोडा वेळ पडून राहायचं. उत्तर टी-स्कोअर नावाच्या आकड्यात येतं. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ व्हायला लागलंय, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ठिसूळ. शस्त्रक्रियेच्या आधी शक्य असेल तर एकदा आणि नंतर दोन वर्षांनी ही तपासणी करायला सांगतात. गल्लीतल्या शिबिरात टाच मशीनमध्ये घालून जो आकडा देतात, तो म्हणजे ही तपासणी नव्हे.

ठिसूळ हाड मोडेपर्यंत बोलत नाही. पण मांड्या दुखणं, उकिडवं बसल्यावर उठता न येणं, जिना चढताना पाय जड होणं, अशी लक्षणं ड जीवनसत्त्व फार कमी झालं की दिसतात. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आणि लेकीला मूल हवं असेल, तर शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. बाळाला लागणारं कॅल्शियमही आईच्याच खात्यातून जातं.

मग कर्जाचं काय झालं?

मावशींचा अर्ज आम्ही फेटाळला नाही. पुढच्या बैठकीला लेकीला बोलावलं. ती डॉक्टरांचे कागद घेऊन आली. आम्ही वहीत दोन रकाने पाडले. एकात शस्त्रक्रियेचा खर्च. दुसऱ्यात दर महिन्याच्या गोळ्या, दरवर्षीच्या तपासण्या, दोन वर्षांनी डेक्सा. दुसरा रकाना कधी संपत नाही, हे वहीत दिसल्यावर मावशी गप्प झाल्या. जावई म्हणाला, "हे आम्हाला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "आता माहीत झालं ना? अजून वेळ गेलेली नाही." विम्यात ही शस्त्रक्रिया ठरावीक अटींवरच बसते, तेव्हा विमा कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्या, असंही त्याला सांगितलं.

गटाने ठरवलं, शस्त्रक्रिया करायची की नाही हे लेक आणि तिचे डॉक्टर ठरवतील. करायची ठरली तर गट जमेल तेवढं कर्ज देईल, पण हप्ता असा बांधायचा की गोळ्यांचे पैसे बाजूला राहिले पाहिजेत. हप्त्यासाठी गोळी बंद, असं होता कामा नये. लेकीला मी ताईंचा नंबर दिला. ताई आता फोनवर गजर लावून गोळ्या घेतात, हाडाच्या औषधाचं इंजेक्शनही सुरू आहे. मनगट भरून आलं, पण पिळा घालून कपडे पिळायला अजून जमत नाही. लेक त्यांच्याशी तासभर बोलली. ताईंनी तिला माझं नाव घेऊन काही सांगितलं का, ते मी विचारलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात, माहेरी कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर "किती छान बारीक झालीस" एवढंच म्हणून थांबू नका. पुढे विचारा, "गोळ्या चालू आहेत ना? शेवटची तपासणी कधी केलीस?" हा लेख पुढच्या बैठकीत वाचून दाखवा आणि तुमच्या शंका गटाच्या वहीत लिहून पाठवा. पुढच्या वेळी त्यांना उत्तरं देऊ. तोवर जपून पाऊल टाका, अंगणात शेवाळ फार झालंय. नमस्कार.